‘म्युटंट’ जनावराला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न

भाचा अकरा वर्षांचा आहे. सुट्टीत आम्ही दोघं मिळून पत्त्यांचा एक खेळ करतोय. अणुयुद्ध होऊन गेलंय, माणसं थोडीच उरलीत आणि पडक्या शहरांतून तऱ्हेतऱ्हेची बदललेली जनावरं फिरतायत. एकूण चाळीस पत्ते. चित्रं तो काढतो, नावं मी घालते. दोन डोक्यांचा लांडगा झाला, अंधारात चमकणारा बेडूक झाला, रिक्षाएवढी घोरपड झाली. गाडी अडली ती पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यात. तिथे या सगळ्यांची मिळून एक जात लिहायची आहे. ‘उत्परिवर्तित प्राणी’ लिहून पाहिलं. कोपऱ्यात मावत नाही. भाच्यानं ते एकदा ‘उपरिवर्तीत’ वाचलं, एकदा ‘उत्पवर्तित’, आणि मग म्हणाला, “म्युटंटच लिही ना मावशी.” मला हार मानवत नाही. ‘विकृत’ कसं वाटतं? ‘संकरित’? आणि ‘पोस्ट-अपोकॅलिप्टिक’ला ‘प्रलयोत्तर’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून आधी नियमावर बोट ठेवते. शास्त्रापुरतं म्हणाल तर ‘उत्परिवर्तन’ हाच शब्द रुळलेला आहे. करोनाच्या काळात तो वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूचे दोन बदल एकत्र सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा मात्र लोकांच्या तोंडी ‘डबल म्युटंट’च बसलं. उच्चाराची अडचण तुमच्या भाच्यापुरतीच नाही.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ नुसता ‘बदलणं’. बरंवाईट त्यात काही नाही. ह्यूगो द व्हरीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द वापरला तो फुलझाडांसाठी. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीत असे बदल घडवून दाखवले आणि तिथून किरणं आणि म्युटंट ही जोडी जमली. पुढे गोष्टीवाल्यांनी माशीचा राक्षस केला.

‘विकृत’ नकोच. एक तर तो निवाडा झाला. शिवाय हल्ली पेपरात ‘विकृत’ म्हटलं की खाली कसली बातमी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘संकरित’ तर चूकच, कारण संकर दोघांचा होतो आणि उत्परिवर्तन एकाच जिवाच्या जनुकांत. जाता जाता, दोन डोकी ही बहुतेकदा गर्भाची वाढ होतानाची गफलत असते, जनुकांचा त्यात हात असेलच असं नाही. पण लांडगा राहू दे, चित्र छान आलं असणार.

प्रतिसाद

आमच्याकडे ‘हायब्रीड’ म्हणजे ज्वारी, आणि दम लागणारं पोरगं! ‘ही सगळी हायब्रीड पिढी’ असं म्हातारे सर्रास म्हणतात.

बाईंचा फरक पटला. त्याचं उदाहरण आमच्या खळ्यातच आहे. भुईमुगाचा टीएजी-२४ हा वाण, म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला. आधी किरणांचा मारा करून उत्परिवर्ती वाण घडवले, मग त्यांच्यापासून निघालेल्या वाणांचा संकर केला. म्हणजे अणुयुगातला म्युटंट आम्ही लसणाबरोबर कुटून भाकरीशी खातो.

आता ‘विकृत’बद्दल. लहानपणी आमच्या दारात पाच पायांची गाय यायची. पाठीवर आरशांची झूल, शिंगांना बेगड, आणि वशिंडाच्या बाजूनं लोंबणारा पाचवा पाय, त्याला कवड्यांची माळ. आजी पसाभर ज्वारी घालायची, त्या पायाला बोटं लावून कपाळाला लावायची. एकदा मीही हात लावला. खूर होता, पण जन्मात कधी जमिनीला टेकलेला नाही, त्यामुळे झिजलेला नव्हता, पोपटाच्या चोचीसारखा आत वळलेला होता. गाय चालली की तो पाय नुसता हलायचा, खुंटीवर टांगलेल्या पिशवीसारखा. तिला कुणी विकृत म्हटलेलं मला आठवत नाही. ‘देवाची गाय’ म्हणायचे. आज विचार केला तर त्या जनावराचे हाल होते आणि धन्याचं पोट त्यावर चालत होतं, हे कळतं. पण शब्दापुरतं बोलायचं तर लोकांनी तिला चांगलं नाव दिलं होतं.

प्रतिसाद

‘जनावर’ वापरताना जपून. आमच्या कोकणात ‘पडवीत जनावर दिसलं’ म्हटलं की काठी आणि बॅटरी घेऊनच लोक बाहेर येतात. जनावर म्हणजे साप. दिवेलागणीनंतर साप हा शब्द उच्चारायचा नाही, ‘लांबडं’ म्हणायचं, आणि चावला तर ‘पान लागलं’. ज्याची भीती वाटते त्याला माणूस आडनावानं हाक मारतो. तुमच्या खेळातली उरलेली माणसं ‘उत्परिवर्तित’ म्हणत बसतील असं मला वाटत नाही. संध्याकाळी दार लावताना ती ‘ते’ एवढंच म्हणतील.

आणि प्रलयोत्तर कशाला? आपला ‘जगबुडी’ आहे की! आमच्या खेडच्या नदीचंच नाव जगबुडी. पावसाळ्यात ती नावाला जागते, आणि तिच्यात मगरीही आहेत. तेव्हा ‘जगबुडीची जनावरं’ असं पत्त्यावर छापलंत तर खेडचा माणूस म्हणेल, हात्तिच्या, ही तर रोजची.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात नदी येऊन गेली, आता थोडं संस्कृत सोसा. ‘प्रलय’ म्हणजे लय पावणं, विरघळून जाणं. काटेकोर बोलायचं तर प्रलयानंतर जनावर काय, गवतही उरत नाही. मनूची नाव आणि तो मासा सोडला तर. त्यामुळे ‘प्रलयोत्तर लांडगा’ मला ‘उपासाची बिर्याणी’सारखा वाटतो. अर्थात मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही झाकण काढणं, उघड करणं असा होता. विनाश त्याला नंतर चिकटला. म्हणजे चूक करण्यात आपण एकटे नाही.

‘बीस्ट’ला मात्र आपल्याकडे सुंदर शब्द आहे : श्वापद. कुत्र्यासारखे पाय असलेलं, म्हणजे वाघ-लांडगा जातीचं हिंस्र जनावर. याच शब्दावरून झिजत झिजत ‘सावज’ झाला असं मानतात. गंमत पाहा, गुजरातीत सावज म्हणजे आजही सिंह, आणि मराठीत सावज म्हणजे ज्याच्यावर झडप पडायची तो. एकच शब्द एका भाषेत खातो, दुसरीत खाल्ला जातो. खेळात काही पत्ते शिकारी आणि काही शिकार असतील, तर ही जोडी वापरा.

प्रतिसाद

कल्पनेतलं जग बाजूला ठेवून खऱ्याकडे बघितलं तर? चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ ला फुटली. भोवतालचा प्रदेश माणसांनी सोडला. तिथे दोन डोक्यांचा लांडगा नाही, साधे लांडगे मात्र भरपूर आहेत. १९९८ मध्ये प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे सोडले, ते तिथे टिकले, वाढले. भट्टी थंड ठेवायला बांधलेल्या तळ्यातले अगडबंब मासे पाहून लोक ‘म्युटंट, म्युटंट’ म्हणतात, पण ते मुळातच मोठे होणाऱ्या जातीचे आहेत. गळ टाकायला कुणी येत नाही, म्हणून म्हातारे होईपर्यंत वाढत राहतात. झाडांवरचे बेडूक मात्र त्या प्रदेशात बाहेरच्यापेक्षा काळपट आढळले, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा भाच्याला सांगा, बेडूक चमकवू नको, काळा कर.

शब्दाचं म्हणाल तर युक्रेनी भाषेत त्या प्रदेशाच्या सरकारी नावात जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘परकं होणं’. जमीन तीच, पण परकी झालेली. प्राण्यांनाही तोच सूर लागू पडेल असं वाटतं.

प्रतिसाद

सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. जनावर बिघडलं हे सांगायला मराठीत शब्दांची रास आहे : पिसाळलेलं, सोकावलेलं, माजलेलं, चवताळलेलं, बुजलेलं, उधळलेलं. पण हे सगळे स्वभावाचे बदल. कुत्रं पिसाळलं तरी त्याला पाय चारच. आपल्या लोकांनी जनावरांत जे बदल पाहिले ते वागणुकीचे होते, त्यामुळे शब्दही तसलेच घडले. अंगानं बदललेल्यासाठी काही नाही. शरभ, गंडभेरुंड म्हणाल तर ती एकेकाची नावं झाली, जातीचं नाव नाही.

म्हणून एक सुचवतो : ‘पालट’. हवापालट, खांदेपालट, रंगपालट यातला. लॅटिन शब्दासारखाच नुसता बदल सांगतो, शिवी देत नाही, आणि तीन अक्षरांत मावतो.

धागाकर्ती

पालट! कोपऱ्यात मावला. बेडूक काळा केला, घोरपडीवर ‘सावज’ लिहिल्यामुळे तिला राग आलेला दाखवलाय. खेळाचं नाव ‘परकं रान’. पाच पायांच्या गायीचा एकेचाळिसावा पत्ता आजच काढला, पण तिच्या कोपऱ्यात भाचा काहीच लिहू देत नाहीये.

आता नवीन भांडण. तो म्हणतो, “माझ्याकडे तीन पालट आहेत.” मी म्हणते, तीन पालटं. कोण बरोबर?

प्रतिसाद

हवापालट झाला तर पालट पुल्लिंगी, म्हणजे तीन पालट. पण जनावराबद्दल बोलताय तर ते पालट, ती पालटं. शब्द तुम्हीच पाळलाय, लिंगही तुम्हीच ठरवा. भाच्याला एक मत जास्त द्या, चित्रं त्याची आहेत.