एलिट डेंजरस (अंतराळातला व्हिडिओ गेम): अ‍ॅनाकोंडा, कॉर्व्हेट की कटर?

तारकाधूळ: ४० कोटी क्रेडिट जमलेत, सध्या पायथन (मध्यम आकाराचं जहाज) आहे. मालवाहतूक, खाणकाम, थोडी बाउंटी (गुन्हेगारांची शिकार) आणि एखादी लांबची सफर, सगळं एकाच मोठ्या जहाजात करायचंय. फेडरेशन, एम्पायर या दोन्ही सत्तांकडे रँक शून्य, म्हणून फेडरेशनची कॉर्व्हेट आणि एम्पायरची कटर आत्ता मिळत नाहीत. आत्ताच अ‍ॅनाकोंडा घेऊ की रँकसाठी थांबू?

वक्री_शनी: नुसत्या मूळ किमतीवर जाऊ नका. अ‍ॅनाकोंडा मूळ मॉड्यूलांसह १४.७ कोटींना मिळते, पण तिचा ८ए पॉवर प्लांट (आकडा म्हणजे आकाराचा क्लास, अक्षर म्हणजे दर्जा, ए सर्वोत्तम) एकटाच १६ कोटींच्या वर! तो लगेच लागतही नाही. थ्रस्टर, एफएसडी (ताऱ्यांमध्ये उडी मारणारं इंजिन) आणि डिस्ट्रिब्युटर (शस्त्रं, शील्ड, इंजिनांना वीज वाटणारा) आधी ए दर्जाचे करा. लाइफ सपोर्ट आणि सेन्सर डी दर्जाचेच घ्या, ते सगळ्यात हलके. मग एकूण वीज मोजा आणि तेवढी भागवणारा प्लांट बसवा. विम्याचे, म्हणजे फुटलेलं जहाज परत मिळवायचे, ५ टक्के बाजूला हवेतच. ३० कोटींचं जहाज फुटलं की दीड कोटी, वर माल गेला तो वेगळाच.

निर्वात: सफर खरंच करायची असेल तर अ‍ॅनाकोंडाच. तिला आणि कॉर्व्हेटला एफएसडी ६ क्लासचाच, पण हल (जहाजाचा सांगाडा) ४०० टन विरुद्ध ९०० टन. उडीतला सगळा फरक तिथेच पडतो. हल हलका म्हणून ३डी शील्डसुद्धा चालतं. ५ क्लासचा गार्डियन बूस्टर (उडी लांबवणारं मॉड्यूल) लावला की आणखी १०.५ प्रकाशवर्षं. टाकी ३२ टनांची आणि पूर्ण उडीला ८ टन, म्हणजे चार उड्यांत खडखडाट. फ्युएल स्कूपशिवाय (ताऱ्यांजवळून इंधन गोळा करणारं मॉड्यूल) निघू नका आणि ओ, बी, ए, एफ, जी, के, एम याच वर्गांच्या ताऱ्यांवर इंधन मिळतं हे नकाशात फिल्टर लावून ठेवा.

मालधक्का: माल वाहायचा तर या तिघींत कटरला तोड नाही, शील्ड काढलं तर ७९४ टन. शील्डसह ७३०, कारण ११०० टनांच्या हलला ५ क्लासचं शील्ड बसतच नाही, ६ लागतं. पण तिला एम्पायरची ड्यूक ही बारावी रँक लागते, आणि प्रत्येक पायरीला रँकचा बार १०० टक्के भरल्यावर नौदलाची बढतीची मिशन वेगळी करावी लागते. भरलेली कटर वळवली तरी जुन्याच दिशेला घसरत राहते. स्टेशनच्या तोंडाशी बूस्ट (क्षणिक जादा वेग) मारणारे तिथेच आपटतात. लढाईत तिचा ७ क्लासचा डिस्ट्रिब्युटर लवकर रिकामा होतो. कॉर्व्हेटला ८ आहे, शिवाय दोन ह्यूज हार्डपॉइंट (सर्वांत मोठ्या शस्त्रांच्या जागा). तिला फेडरेशनची रिअर अ‍ॅडमिरल रँक हवी, तीही बारावीच.

तारकाधूळ: मग अ‍ॅनाकोंडाच घेतो. पायथन विकू का?

वक्री_शनी: अजिबात नको. या तिन्ही जहाजांना मोठं पॅड (उतरायची जागा) लागतं, आउटपोस्टवर (छोट्या स्टेशनवर) उतरता येत नाही. पायथन मध्यम पॅडवर बसते. पैसे कमी पडले तर तिचे महागडे मॉड्यूल विका, त्यांचे पूर्ण पैसे परत मिळतात. हल विकला की मात्र १० टक्के कापले जातात.