टीव्ही घेताना कोणाचं ऐकलंत?

घरचा टीव्ही बदलायचाय. दुकानदार एक सांगतो, भाचा दुसरंच. तुम्ही कोणाला विचारलंत आणि तो सल्ला घरी आल्यावर कितपत टिकला, ते लिहा. मॉडेलचे नंबर नकोत, वर्षभरात बदलतात.

हडपसरकर
शोरूममध्ये सगळे टीव्ही 'व्हिविड'वर, म्हणजे भडक रंगांच्या मोडवर लावलेले असतात. मी सरळ रिमोट मागितला आणि 'सिनेमा' मोड लावला. चित्र आधी पिवळट वाटतं, पण माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात. मग डेमोचे पोपट-धबधबे बंद करून साधी एसडी (एचडी नसलेली) वाहिनी लावायला सांगितली. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता! ५७६ ओळींचं चित्र फोर-केच्या २१६० ओळींवर ताणलं की ५५ इंचावर सगळे नट धुरकट. आमची आई दिवसभर मालिका बघते, त्याही एसडी पॅकवर. ४३ इंची घेतला.

खाडीकाठ
आमच्या रत्नागिरीत मी दुरुस्तीवाल्याला विचारलं. विकत काहीच नाही, म्हणून खरं बोलतो. त्याच्या मते आताचे बरेच टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना स्टॅबिलायझरपेक्षा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) बरा. आणि पावसाळ्यात वीज कडाडली की आपण प्लग काढतो, डिशची वायर तशीच राहते. तिच्यातूनही बोर्ड जळतो. पॅनल फुटला तर वॉरंटी नाही, नवा टाकायचा खर्च जवळपास टीव्हीएवढा.

मिनू_ठाणे
यूट्यूबवाले सगळे ओएलईडीच्या, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या पडद्याच्या प्रेमात. तपासतात अंधाऱ्या खोलीत! आमच्या हॉलमध्ये दुपारी बाल्कनीतून ऊन थेट पडद्यावर, आणि सासरे सकाळपासून बातम्या लावून बसतात. खालची पट्टी, कोपऱ्यातला लोगो तासन् तास तिथेच. ओएलईडीवर त्यांचा डाग कायमचा राहू शकतो. एलईडीच घेतला.

एडिसनवाली
न्यू जर्सीहून भारतात टीव्ही नेऊ नका. इथले कित्येक सेट फक्त ११०-१२० व्होल्टचे, वाहिन्या पकडणारा ट्यूनर वेगळा, वॉरंटी तिकडे चालत नाही. नणंदेला हे पटवताना घसा बसला.

खाडीकाठ
जुन्या रिव्ह्यूंमधल्या किमती धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

धागाकर्ता
हडपसरकर, तुमचा सोफा टीव्हीपासून किती लांब?

हडपसरकर
सहा फूट. आईची खुर्ची मात्र तीनवर.