शब्दचर्चा: लॉगमधली ‘अ‍ॅनोमली’ म्हणजे विसंगती, त्रुटी की आणखी काही?

प्रश्न: कारखान्याच्या लेखापरीक्षण विभागासाठी मराठीत पुस्तिका लिहिते आहे. खरेदीच्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदवहीत, प्रकरण क्रमांक, झालेलं काम आणि त्याची वेळ असते. नेहमीची रीत सोडून गेलेली प्रकरणं सॉफ्टवेअर त्यातून शोधतं. या ‘अ‍ॅनोमली’ला ‘विसंगती’ म्हणावं का?

उत्तर: ताई, ‘वेतनत्रुटी निवारण समिती’तली त्रुटी म्हणजे अ‍ॅनोमलीच. पण त्रुटी म्हटलं की चूक ठरलीच. लॉगमध्ये अजून काहीच ठरलेलं नसतं.

विसंगतीला दोन बाजू लागतात, हे त्याच्याशी जुळत नाही अशा. मागणीपत्र, खरेदी आदेश, माल आवक, बिल, पेमेंट हा क्रम ठरलेला असेल तर विसंगती चपखल बसते, आणि क्रम उलटला असेल तर ‘क्रमभंग’ आणखी नेमका. पण क्रम कुणी आखलेलाच नसेल आणि एखादी वाट, म्हणजे प्रकरणातल्या कामांचा क्रम, फक्त क्वचित दिसली म्हणून पुढे आली असेल, तर ती विसंगत कशाशी? एका डच वित्तसंस्थेचा कर्ज-अर्जांचा लॉग 2012 साली अभ्यासकांसाठी खुला झाला. त्यात 13,087 प्रकरणं होती आणि त्यांच्या वाटा चार हजारांहून अधिक! दुर्मीळ म्हणून चूक म्हणायचं, तर निम्म्या कचेरीला दोषी धरावं लागेल.

आमच्याकडचं एक प्रकरण सांगतो. माल आवक सकाळी 11:05, खरेदी आदेश त्याच दिवशी संध्याकाळी 5:40. चौकशी केली तेव्हा कळलं, बेअरिंग गेल्यामुळे मशीन बंद होतं, ऑर्डर फोनवर दिली, आदेश मागाहून निघाला. अहवालात याला ‘गैरप्रकार’ लिहिलं असतं तर स्टोअरच्या माणसावर बालंट आलं असतं. एका शब्दाने माणसाची नोकरी धोक्यात येऊ शकते, म्हणून मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

मी ‘खटकणारी नोंद’ सुचवतो. जुने ऑडिटर रोजकीर्द चाळताना म्हणतातच, ‘ही नोंद खटकते, व्हाउचर काढा.’ आरोप नाही, पण दुर्लक्षही नाही.

प्रश्न: आवडला शब्द. पण मंजुरीची पायरीच गाळली असेल तर तिथे नोंदच नसते. मग खटकतं काय?

उत्तर: बरोबर पकडलंत. तिथे ‘खटकणारं प्रकरण’ म्हणा. नोंद एका घटनेची असते, प्रकरणात अख्खी वाट येते. कारणाच्या रकान्यात ‘पायरी गाळली’ किंवा ‘क्रमभंग’ लिहा. ‘गैरप्रकार’ हा शब्द चौकशी पूर्ण होईपर्यंत पुस्तिकेत कुठेच येऊ देऊ नका.