मदत हवी आहे : जर्मनीत वीजतंत्रीच्या समकक्षतेचा अर्ज कोणत्या व्यवसायासाठी करावा?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या संदर्भात जाणकारांचा सल्ला हवा आहे. त्याने छत्रपती संभाजीनगर येथे आयटीआयचा वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, एनसीव्हीटीचे प्रमाणपत्र मिळवले, वर्षभर अप्रेंटिसशिप केली आणि त्यानंतर सहा वर्षे वाळूजच्या एमआयडीसीत मेंटेनन्सचे काम केले. जर्मन भाषेची ए२ परीक्षा तो उत्तीर्ण झाला असून बी१ची तयारी सुरू आहे. स्टुटगार्टजवळच्या एका लहान कंपनीने ऑनलाइन मुलाखतींनंतर त्याला नोकरी देऊ केली आहे. ही कंपनी घरे व इमारतींतील वायरिंगची कामे घेते.

खरी अडचण येथेच आहे. आपल्याकडे वीजतंत्री हा एकच ट्रेड असला, तरी जर्मनीत त्याचे अनेक स्वतंत्र व्यवसाय आहेत. इमारतींतील वीजकामाची समकक्षता (म्हणजे आपले प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाच्या तोडीचे असल्याची मान्यता) त्या त्या भागातील हँडवेर्क्सकामर, म्हणजे कारागीर-व्यवसायांचे मंडळ, तपासते, तर कारखान्यातील विद्युत देखभालीची, म्हणजे बेट्रीब्सटेक्निकची, न्यूर्नबर्गची आयएचके फोझा ही उद्योग-व्यापार मंडळांची संस्था. भावाचा सगळा अनुभव कारखान्यातला आहे आणि नोकरी मात्र इमारतींच्या कामाची आहे. प्रशिक्षणातील उणिवा कामाच्या अनुभवाने भरून काढता येतात, त्यामुळे आयएचके फोझाकडे अर्ज केल्यास पूर्ण समकक्षतेची शक्यता अधिक दिसते. पण पुढे ती कंपनीला उपयोगाची ठरेल का? कायद्यानुसार, मान्यताप्राप्त कुशल कामगाराला आता दुसऱ्या व्यवसायातही कुशल काम करता येते, मात्र प्रत्यक्षात व्हिसा देताना याकडे कसे पाहिले जाते, हे अनुभव घेतलेल्यांकडूनच समजेल.

कंपनीचा आग्रह वेगळा आहे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या मान्यता भागीदारीच्या तरतुदीनुसार, मायदेशी मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, ए२ जर्मन आणि नोकरीचा करार एवढ्यावर आधी जर्मनीत जाऊन काम सुरू करता येते आणि समकक्षतेची प्रक्रिया तेथे पूर्ण करता येते. हा परवाना सुरुवातीला एक वर्षाचा असतो व तो तीन वर्षांपर्यंत वाढवता येतो. (भावाच्या वेल्डर मित्राला हा मार्ग मिळाला नाही, कारण आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एकच वर्षाचा असतो.) जाणे लवकर होईल, हे खरे. परंतु कुशल कामगाराला कायम वास्तव्यासाठी जी तीन वर्षे मोजली जातात, ती मान्यता मिळाल्यानंतरच्या परवान्यावरची असतात. भागीदारीच्या परवान्यावरचा काळ त्यात धरला जात नाही. शिवाय ३६ महिन्यांचे पेन्शन अंशदान आणि बी१ जर्मन लागते. त्याची पत्नी आणि लहान मुलगी मागे राहणार असल्याने वाया जाणारे प्रत्येक वर्ष आम्हाला जड वाटते, आणि म्हणून माझे मत आधी समकक्षता, मग प्रवास असे आहे. भागीदारीच्या परवान्यावर असतानाच कोणी कुटुंबाला नेले असल्यास पगार, घराचे क्षेत्रफळ आणि पत्नीची भाषा यांबाबत काय विचारले गेले, ते कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न अनुभवपत्राचा. सहापैकी चार वर्षे तो कंत्राटदारामार्फत कामावर होता आणि त्या कंत्राटदाराने दिलेल्या पत्रात केवळ हेल्पर असे पद लिहिले आहे. प्रत्यक्षात तो पॅनेलचे वायरिंग, मोटरींची देखभाल आणि पीएलसीवरील (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकावरील) दोष शोधण्याचे काम करत होता. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक व पगाराच्या पावत्या आहेत. कारखान्यातील अभियंत्याने कामांची सविस्तर यादी सही-शिक्क्यासह दिली, तर ती ग्राह्य धरली जाते का? तिचे भाषांतर भारतातील भाषांतरकाराकडून केलेले चालते, की जर्मनीत शपथबद्ध असलेल्याकडूनच करावे लागते?

एका सल्लागाराने या सगळ्यासाठी साडेतीन लाख रुपये मागितले आणि नोंदणी क्रमांक विचारल्यावर टाळाटाळ केली. परदेशी नोकरी मिळवून देणाऱ्या एजंटाची उत्प्रवास कायदा, १९८३ अन्वये नोंदणी असावी लागते आणि त्याला ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटीपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, हे ठाऊक असल्याने आम्ही नकार दिला. त्यामुळे कृपया एजंटांची नावे सुचवू नयेत.

ज्यांनी स्वतः वीजतंत्री, फिटर किंवा तत्सम ट्रेडच्या समकक्षतेचे निर्णयपत्र मिळवले आहे, त्यांनी कोणता व्यवसाय निवडला आणि अंशतः मान्यता आली असल्यास कोणत्या विषयांची उणीव दाखवली, एवढे जरी लिहिले तरी फार उपयोग होईल. कंपनीला या महिन्याअखेर उत्तर द्यायचे आहे.