तेल काढून टाका म्हणे! (‘स्लीपिंग ब्यूटी’वरून)

जुनं_पुस्तक
परवा ‘सडेतोड’ यांनी अमेरिकन लेखक रॉस मॅकडोनाल्डच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’चा दोन ओळींत निकाल लावला: “डिटेक्टिव्ह कादंबरीला पर्यावरणाची फोडणी. तेल काढून टाका, गोष्ट तीच राहते.” दोन दिवस गप्प बसलो. आज रविवार, चहा तीनदा झालाय, लिहितोच.

तेल काढलं तर सुरुवात कुठून करणार? कादंबरीतला खासगी डिटेक्टिव्ह लू आर्चर मेक्सिकोहून परततोय, विमानाच्या खिडकीतून त्याला समुद्रावर पसरलेला काळा डाग दिसतो. बघायला म्हणून किनाऱ्यावर जातो. तिथं एक तरुण बाई तेलानं माखलेला पक्षी हातात धरून उभी. त्याच रात्री ती आर्चरच्याच घरातल्या झोपेच्या गोळ्या घेऊन नाहीशी होते. आणि समुद्रात गळतंय ते तेल तिच्याच माहेरच्या कंपनीचं. आता यातून तेल वगळून दाखवा.

लेखक राहायचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सांता बार्बराला. २८ जानेवारी १९६९ ला तिथल्या समुद्रात युनियन ऑइलची विहीर फुटली. पहिल्या दहाएक दिवसांत ८० हजार ते १ लाख पिंपं तेल. नवरा-बायको दोघंही पक्षी बघत हिंडणारे. कादंबरी आली १९७३ ला. चार वर्षं मुरलेली चीड आहे ती, वरून भुरभुरलेली कोथिंबीर नव्हे.

आणि खासगी डिटेक्टिव्हच का? कारण प्रदूषणाच्या फायलीत गुन्हेगार कधी नसतोच. ‘तांत्रिक बिघाड’ असतो. ‘तू त्या रात्री कुठं होतास?’ असं दारोदार विचारत फिरणारा माणूस फक्त याच कादंबरीप्रकारात मिळतो.

सडेतोड
छान. आता माझं ऐका.

आर्चर विचारतो, पण काय विचारतो? बाई कुठं गेली. अख्ख्या पुस्तकात तो गळतीच्या मागे जातच नाही. खऱ्या प्रकरणात गुन्हा कुठं होता ते नोंदलेलं आहे. विहिरीत समुद्रतळाखाली ३०० फूट पोलादी नळ घालायचा नियम होता, सरकारी खात्यानं सवलत दिली, घातला २३९. एकसष्ट फूट वाचवले. माझ्या लेखी खुनी तो नळ, आणि साथीदार सवलतीवर सही करणारा. मॅकडोनाल्ड काय करतो? श्रीमंत खानदान, पंचवीसएक वर्षांपूर्वीचं पाप, जुना खून. म्हणजे वाचकाला खुनी सापडल्याचं समाधान, आणि तेल आपलं गळतंय. हीच तर पळवाट.

शिवाय तेल काढायचा समुद्रातला फलाट म्हणजे जगाच्या अंगात खुपसलेल्या सुऱ्याची मूठ, ही उपमा. शाळेच्या भित्तिपत्रकात शोभली असती.

पान_शेवटचं
खून जुना आहे हे सांगायची गरज होती का? माझी ९० पानं झालीत.

सडेतोड
पन्नास वर्षं झाली पुस्तकाला. अजून किती थांबायचं?

उरणकर
मी पुस्तक वाचलेलं नाही, आधीच सांगतो. पण “फोडणी” वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजं आपटली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, काहींत कीटकनाशक. आमच्याकडे नारळी पौर्णिमा तोंडावर. पावसाळ्याची बंदी उठून होड्या निघायची वेळ, वर्षाची पहिली कमाई. माझी आत्या पाटी घेऊन बाजारात बसायची. नेहमीचं गिऱ्हाईक, वीस वर्षांचं, येऊन पापलेटाचा कल्ला उचलायचं, वास घ्यायचं आणि काही न बोलता पुढं जायचं. आत्या म्हणायची, “शिव्या दिल्या असत्या तर बरं.” दुपारी तीच पाटी परत घरी. आठ दिवस आम्ही तेच मासे खाल्ले, आम्हाला काही झालं नाही.

आमच्याकडे कुणी आर्चर आला नाही. आला असता तर त्यानं माझ्या आत्याला विचारलं असतं आणि मला वाटतं त्याला बरंच कळलं असतं. पुस्तकात तरी कुणी विचारत असेल तर विचारू द्या की.

पणजीची_सून
उरणकर, आमच्याकडे दर मे-जूनमध्ये वाळूत काळे डांबरगोळे येऊन पडतात. पर्यटक पाय चिकट करून येतात आणि गेस्टहाउसच्या पांढऱ्या लाद्यांवर ठसे. रॉकेलचा बोळा घेऊन बसायचं काम माझं.

उरणकर
रॉकेल?? ताई, रॉकेलनं कातडी सोलवटते. खोबरेल लावा, पाच मिनिटं ठेवा, गोणपाटानं पुसा.

पणजीची_सून
खोबरेलानं निघतं ते कोवळं डांबर. उन्हात तापून टाचेच्या भेगांत बसलेलं काढून दाखवा. तुमच्यापेक्षा जास्त पाय पुसलेत मी.

नागपुरी_तडका
आमच्याकडे समुद्र नाही तरी सांगतो, मोहरीचं तेल.

उरणकर
नागपूरकरांनी यात पडू नये. आणि रॉकेल आता मिळतं कुठं? रेशनवरचं बंद होऊन किती वर्षं झाली.

पणजीची_सून
मिळतं. कुठं ते सांगणार नाही.

जुनं_पुस्तक
मंडळी, धागा कादंबरीचा आहे!

मावशी_ठाणे
असू दे हो, हेच वाचण्यासारखं आहे. मला तर त्या पक्ष्याचं लागलं. सांता बार्बरालाही लोकांनी शेकड्यांनी पक्षी धुतले होते, पण बहुतेक मेले. पिसांतला हवेचा थर मोडला की थंड पाणी थेट अंगाला लागतं, आणि चोचीनं पिसं साफ करताना तेल पोटात जातं. आमच्या गच्चीवर एकदा वॉर्निशच्या डब्यात पडलेलं कबुतर आलं होतं. मुलीनं भांड्यांच्या साबणानं धुतलं, हेअर ड्रायर लावला, बुटाच्या खोक्यात ठेवलं. सकाळी ताठ. ती आज तिशीची आहे, अजून तो विषय काढू देत नाही. कादंबरीतल्या बाईच्या हातात पक्षी दिलाय ना, तो लेखकाला काय ते माहीत होतं म्हणून दिलाय. याला फोडणी म्हणत नाहीत.

सडेतोड
आत्या, कबुतर, टाच. एकाही प्रतिसादात २३९ फुटांचं उत्तर नाही. रडू आलं म्हणजे मुद्दा सिद्ध झाला का?

आणि हार्डबॉइल्ड, म्हणजे रांगड्या, मारधाडीच्या डिटेक्टिव्हची कादंबरी म्हणे! आर्चर कुणाला धड ठोसा मारत नाही, सगळ्यांच्या सोफ्यावर बसून ऐकून घेतो. लग्नात येणारा समजूतदार मावसभाऊ आहे तो. त्यापेक्षा आमच्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार परवडला.

जुनं_पुस्तक
झुंजारला मध्ये आणू नका, त्याच्यावर मी वाढलोय. पण आपल्या रहस्यकथांत समुद्र कशासाठी असायचा? स्मगलरची होडी लागायला. पाणी स्वतः आजारी पडलंय असं कधी वाचलंत?

२३९ चं उत्तर देतो. विहिरीचं तोंड बंद केल्यावर काय झालं ते तुम्ही सोयीनं गाळलंत. वरून दाबलं, तर तेल आजूबाजूच्या समुद्रतळाला भेगा पाडून वर आलं. आता त्या खानदानाकडे बघा. एक गोष्ट दडपली, ती शेजारच्या घरातून फुटली; तिथं दाबली, तर पोरांच्या संसारातून. नळाचा हिशेब कादंबरीत नाही, कबूल. पण नळ अपुरा पडल्यावर काय होतं ते मॅकडोनाल्डनं माणसांत करून दाखवलंय. चौकशी अहवाल पाहिजे असेल तर अहवाल वाचा.

सडेतोड
भेगांचं मला माहीत होतं, जोडलं नव्हतं. बरं. “तेल काढून टाका” हे मागे घेतो. अर्धं. सही करणारा साहेब मात्र तुमच्या कादंबरीतून कोरडा सुटला, हे लिहून ठेवा.

उरणकर
तो सगळीकडूनच सुटतो हो. पुस्तक कुठं मिळेल? आत्याला इंग्रजी येत नाही, पण पहिलं प्रकरण मी वाचून सांगेन.

पान_शेवटचं
“पोरांच्या संसारातून”?? मी १२० व्या पानावर आहे!

पणजीची_सून
उरणकर, खोबरेल लावून बघितलं. अर्धं निघालं.