व्यायामात जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का?

सायंफेरी
वय ३४, उंची १६० सेंमी, वजन ७२ किलो, काम बैठं. ॲपमध्ये 'बैठी जीवनशैली' आणि 'आठवड्याला अर्धा किलो कमी' असं भरल्यावर दिवसाला १२०० कॅलरी मिळाल्या. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी तासाभरात ५ किमी चालणं होतं आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. चालण्याचे वॉच ३४० दाखवतं, गड चढून-उतरून ९५०. ॲप ते आकडे उचलून लगेच 'आज १५४० खाऊ शकता' म्हणतं.

हे ३४० खायचे की सोडून द्यायचे? काही जण 'अर्धे खा' म्हणतात, त्याला आधार काय? आणि रविवारचे ९५० रविवारीच संपवायचे का? सासूबाई (६१) सोबत चालतात, त्यांना मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. त्याही वजन कमी करायच्या मागे आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दलही सांगा.

तराजू
आधी ते १२०० आले कुठून ते बघू, अर्धं उत्तर तिथेच आहे. बहुतेक ॲप मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० चं सूत्र वापरतात. बायकांसाठी ते असं: १० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय − १६१. तुमचे ७२० + १०००  − १७० − १६१ = १३८९. एवढ्या कॅलरी नुसतं पडून राहिलात तरी लागतात. बैठ्या कामासाठी गुणिले १.२ केलं की १६६७ होतात. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे रोज ५०० ते ५५० ची तूट, म्हणून आकडा ११५० च्या आसपास यायला हवा होता. पण बायकांसाठी १२०० च्या खाली जायचं नाही असं बऱ्याच ॲपमध्ये ठरलेलं असतं, म्हणून तो तिथे थांबला.

मुद्दा हा, की या १२०० मध्ये तुमचं चालणं कुठेच धरलेलं नाही. ॲपच्या हिशेबात व्यायाम वेगळा लिहायचा आणि त्याचं वेगळं खायचं, असं गृहीत आहे. याउलट कुणी सुरुवातीलाच 'आठवड्यातून ३ ते ५ दिवस व्यायाम' निवडलं असेल तर व्यायाम त्या आकड्यात आलेलाच असतो, आणि वर वॉचचेही खाल्ले तर एकच व्यायाम दोनदा जमा होतो. 'खा' म्हणणारे आणि 'अजिबात खाऊ नका' म्हणणारे भांडतात ते बहुतेक वेळा यामुळेच. दोघांचे सुरुवातीचे आकडे वेगळे असतात.

आता ते ३४०. सपाट रस्त्यावर चालण्याचा जास्तीचा खर्च साधारण दर किलोला, दर किलोमीटरला अर्धी कॅलरी. ७२ × ५ × ०.५ = १८०. दुसऱ्या वाटेने ताळा करू: ताशी ५ किमी चालणं म्हणजे सुमारे ३.५ मेट (स्वस्थ बसल्यावर दर किलोला तासाला जी साधारण १ कॅलरी लागते, ते एक मेट), म्हणजे तासाला ७२ × ३.५ = २५२. पण त्या तासात तुम्ही सोफ्यावर बसला असतात तरी ७२ गेल्याच असत्या, आणि त्या १६६७ मध्ये आधीच धरल्या आहेत. त्या वजा केल्या की पुन्हा १८०. वॉच जवळजवळ दुप्पट सांगतंय.

यात नवल नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. वॉच कॅलरी मोजत नाही, ठोके, वजन आणि वय यांवरून अंदाज बांधतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच वेगाने चाललात तरी ठोके १०-१५ ने वाढतात, आणि वॉचला वाटतं मेहनत वाढली. पट्टा सैल असेल, प्रोफाइलमध्ये जुनं वजन असेल, तर आणखी गडबड. ट्रेडमिलच्या पडद्याचंही तसंच, त्यात दांडा धरून चाललात तर खरा खर्च आणखी कमी होतो.

म्हणून 'अर्धे खा' हा नियम तुमच्याबाबतीत जवळपास बरोबर बसतो: ३४० चे अर्धे १७०. पण तो अंदाज आहे. अंतर आणि वजन माहीत असेल तर वरचा हिशेब करा, वॉच विसरा. ॲपल वॉचसारख्या काही घड्याळांत 'ॲक्टिव्ह' आणि 'टोटल' असे दोन आकडे येतात, त्यातला टोटल कधीच घेऊ नका.

आणि तेवढे नक्की खा. नुसत्या १२०० वर राहून चालणं आणि गड दोन्ही केलंत, तर पहिले तीन आठवडे वजन उतरेल, मग रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा उघडेल. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे, एवढी तूट शरीर निमूट सोसत नाही. शिवाय १२०० मध्ये ८० ग्रॅम प्रथिनं बसवणं शाकाहारी घरात फारच कठीण जातं.

घाटवाट
तराजू यांचा हिशेब पटला, पण रोजचा जमाखर्च मला नको वाटतो. ज्याचा व्यायाम ठरलेला आहे त्याने आठवड्याची सरासरी काढून रोज एकच आकडा ठेवावा. 'आज चालले म्हणून खाते' ही सवय लागली की व्यायाम हा खाण्याचा परवाना होऊन बसतो.

गडाचा हिशेब असा: चढाचा खर्च दर १०० मीटर उंचीला साधारण वजनाइतक्याच कॅलरी, किंचित कमी. (७२ किलो १०० मीटर उचलायला सुमारे १७ कॅलरींचं काम होतं, आणि स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली की ६८.) आतकरवाडीतून चढ सुमारे ६०० मीटर, म्हणजे ४०० च्या आसपास. आडव्या अंतराचे आणखी शंभर, उतरण्याचे शंभर. झाले ६००. पाठीवर ५ किलोची सॅक असेल तर ४० जास्त धरा. ९५० मात्र नाहीत.

आठवड्याची बेरीज: पाच दिवस १८० म्हणजे ९००, अधिक ६००, एकूण १५००.

पण हे सगळे १५०० हाती लागत नाहीत. हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा खर्च मोजला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. दिवसभर शिकार आणि कंदमुळांसाठी पायपीट करणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात, शहरी बैठ्या माणसांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर दुसरीकडे काटकसर करतं. २०२१ मध्ये बऱ्याच मोठ्या माहितीवरून हे प्रमाण सरासरी २८ टक्के निघालं: व्यायामात १०० जाळल्या तर दिवसाच्या एकूण खर्चात ७२ च वाढतात. काही भाग तर डोळ्यांना दिसतो. गडावरून आल्यावर रविवारची दुपार आडवं होण्यात जाते, जिन्याऐवजी लिफ्ट घेतली जाते.

म्हणजे १५०० चे १०८० उरले, रोजचे सुमारे १५५. १६६७ + १५५ = १८२० हा तुमचा खरा खर्च. त्यातून ४०० वजा करा आणि रोज १४०० ते १४२० खा, व्यायाम असो वा नसो. आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चरबी जाईल. अर्धा किलोचा हट्ट सोडा. ॲपमध्ये लक्ष्य हाताने १४०० टाका आणि वॉचची जोडणी तोडा, नाहीतर ते रोज आकडा फुगवत राहील.

फक्त रविवारी थोडी ढील द्या. १६०० खा आणि ते जास्तीचे २०० इतर दिवसांत वाटून कमी करा. गडावरची थाळी मात्र मोजून बघाच: एक मोठी भाकरी (६० ग्रॅम पीठ) २००, वाटीभर पिठलं (४० ग्रॅम बेसन, दोन चहाचे चमचे तेल) २४०, अर्धी प्लेट भजी दीडशे तरी, मडक्यातलं गोड दही १०० च्या वर. सातशेला पोचलं. चढ-उतार मिळून ६००. भजी सोडा, पिठलं-भाकरी आणि साधं ताक घ्या, तेवढं १६०० मध्ये आरामात बसतं.

लांबपल्ला
वरचं सगळं चालणं, गड, जिमचा तास यांसाठी ठीक आहे. पण हा धागा पळणारेही वाचतील, म्हणून इशारा: जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करताना 'परत खाऊ नका' हा सल्ला घातक आहे. पळण्याचा खर्च दर किलोला, दर किलोमीटरला सुमारे १ कॅलरी, चालण्याच्या दुप्पट. ६० किलोच्या बाईने २५ किमी मारले तर १५०० जातात. ते त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवसापर्यंत, बहुतांशी भरून काढायलाच हवेत.

तपासायची रीत सोपी आहे. दिवसाच्या खाण्यातून व्यायामाचा खर्च वजा करा आणि चरबी सोडून उरलेल्या वजनाने भागा. ६० किलोत २७ टक्के चरबी असेल तर उरतात ४४ किलो. खाणं १५००, १० किमी पळण्याचे जास्तीचे ५४०. (१५०० − ५४०) ÷ ४४ = २२. हा आकडा ४५ च्या आसपास असणं चांगलं, आणि ३० च्या खाली बरेच दिवस राहिला की शरीर एकेक काम बंद करतं. पाळी लांबते किंवा थांबते, सर्दी-खोकला हटत नाही, नडगीच्या किंवा पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढलं, आणि हे पुरुषांनाही होतं असं त्यात स्पष्ट म्हटलं. पाळी तीन महिने चुकली तर वजनाचा कार्यक्रम थांबवून डॉक्टरांकडे जा.

वजन कमी करायचंच असेल तर शर्यतीच्या आधीचे शेवटचे दोन-अडीच महिने सोडून करा, आणि लांब पल्ल्याच्या दिवशी तूट शून्य ठेवा.

गोडकडू
सासूबाईंसाठी वेगळं लिहिते, कारण त्यांच्या बाबतीत हा प्रश्न वजनाचा नाही, साखर उतरण्याचा आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने धोकादायक खाली जाऊ शकते. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर सहसा असं होत नाही.

चालायला निघण्याआधी साखर मोजा. ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं खाऊन निघा, एक मध्यम केळं पुरतं. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबा, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. त्या वेळी बिस्कीट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर चढायला वेळ लागतो. या ६० कॅलरी डाएटमध्ये बसतात का, हा विचारच करायचा नाही.

संध्याकाळच्या चालण्याचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून चाललं त्या दिवशी रात्रीचं जेवण टाळू नये किंवा निम्म्यावर आणू नये. खाणं कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगून गोळीचा डोस बघून घ्या. वजन उतरू लागल्यावर तो बऱ्याचदा कमी करावा लागतो. तो निर्णय घरी घेऊ नका.

सायंफेरी
सगळ्यांचे आभार. माझ्यासाठी १४०० ठरवते, रविवारी १६००. सासूबाईंच्या डोसबद्दल याच आठवड्यात विचारून घेते. एकच शंका: महिनाभर १४०० खाऊनही काटा हलला नाही, तर चूक वॉचची, सूत्राची की माझी, हे कळणार कसं?

तराजू
वजनाच्या आकड्यांवरूनच. रोज सकाळी शौचानंतर, पाणी पिण्याआधी वजन घ्या आणि फक्त आठवड्याच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून बघा. सुरुवातीचा आठवडा सोडून द्या. खाणं कमी केलं की शरीरातला ग्लायकोजेनचा (साखरेचा) साठा आधी उतरतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे तेव्हाची घट फसवी असते. पाळीच्या आधी किलोभर पाणी साचू शकतं, म्हणून निदान चार आठवडे हवेत.

मग हा हिशेब: समजा २८ दिवसांत सरासरी १४०० खाल्लं आणि १.४ किलो गेलं. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणून १.४ × ७७०० ÷ २८ = ३८५. तुमचा खरा खर्च १४०० + ३८५ = १७८५. यात चालणं, गड, काटकसर सगळं आलं, सूत्राची किंवा वॉचची गरज उरत नाही. पुढचा आकडा यावरून ठरवा.

काहीच हललं नाही तर आणखी कमी खायच्या आधी स्वयंपाकघर तपासा. तेलाची बरणी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, फोडणीपुरतं तेल काढा आणि बरणी परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल गेलं, गुणिले ९ कॅलरी. 'दोन चमचे' म्हणून लिहिलेलं तेल तिथे उणे ३० दिसतं, म्हणजे २७०, तुमच्या दीड दिवसाच्या चालण्याएवढं. चौघांची भाजी असेल तर चाराने भागा. शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि पोळीवरचं तूप यांचंही असंच मोजा. पोळ्या-भाकऱ्या नगावर लिहू नका, आठवडाभर कोरडं पीठ वजन करून घ्या: ३० ग्रॅम पीठ म्हणजे साधारण १०० कॅलरी, आणि बऱ्याच घरांतली भाकरी ५०-६० ग्रॅमची असते.

हे सगळं चोख असेल आणि तरी काटा तिथेच असेल, तर १०० ने कमी करा आणि पुन्हा तीन आठवडे थांबा. सोबत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.