धागा: सकाळी निघून रात्री घरी. घाटवळणांच्या रस्त्यावरचे तुमचे अनुभव सांगा

दोन_चाकं_बेळगाव

मंडळी, थंडी पडली की रविवारी पहाटे आपल्या बेळगावात कोंबडं आरवायच्या आधी बुलेट आरवते. चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोड, सगळे घाट हाताशी, आणि झोपायचं आपल्याच गादीवर. एवढी चैन पुण्या-मुंबईवाल्यांना नाही. म्हणून हा धागा. अट एकच, एका दिवसात जाऊन आलेली राईड पाहिजे, मुक्काम नको, गाडी कुठलीही चालेल. लडाखवाल्यांनी दुसरा धागा काढावा (रागावू नका).

सुरुवात मी करतो. गेल्या डिसेंबरात मी आणि माझा एक मित्र, मी साडेतीनशेवर आणि त्याची एक जुनी दीडशे सीसीची गाडी, तिचं नाव घेत नाही कारण तो रागावतो. ठरलं असं की गोल मारायचा, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला उतरून साखळी, तिथून डिचोली, दोडामार्ग, मग तिलारी घाट चढून चंदगड आणि शिनोळीवरून घरी. दोनशेच्या आतबाहेर. हायवेवर एवढं म्हणजे तीन-साडेतीन तास, इथं अख्खा दिवस खातं.

जांबोटीपर्यंत बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो, तिथं मलप्रभेचा उगम. ते कुंड बघून कुणाला पटणार नाही की हीच पुढं सौंदत्तीचं धरण भरून कूडलसंगमाला कृष्णेत जाते. म्हादईसुद्धा आपल्याच खानापूर तालुक्यातली, पण ती उलटी, गोव्याकडं. मित्र म्हणाला, एका घरच्या दोन लेकी, एक पूर्वेला दिली एक पश्चिमेला, आणि सासरची (म्हणजे पाणीवाटपाची) भांडणं अजून कोर्टात.

चोर्ल्यात माझी चूक झाली. डावं वळण, समोरून टेम्पो माझ्या बाजूला घुसत आला, आणि मी त्याच्याकडंच बघत बसलो. वळणावर नजर जिकडं, गाडी तिकडं, हे मी दहा जणांना सांगितलंय. तरी बघितलं. शेवटच्या क्षणी मान वळवली ती इतकी की थेट कडेच्या लाल खडीत गेलो, मागचं चाक सरकलं आणि एका पायावर, कसं काय माहीत नाही, उभा राहिलो. टेम्पोवाला हॉर्न मारून गेला, जसं काय चूक माझीच. (थोडी होती.)

खरी मजा तिलारीत. मुळात धरण प्रकल्पाच्या कामासाठी काढलेला रस्ता तो, चढ असा की पुढचं चाक हलकं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मित्राची क्लच वायर तुटली, लिव्हरच्या टोकाला, जिथं शिशाचा मणी असतो तिथंच. सपाटीला क्लचशिवाय गाडी नेता येते, ढकलत पळवून पहिला टाकायचा आणि पुढं अ‍ॅक्सिलेटर सोडून अंदाजानं गिअर बदलायचे, पण त्या चढाला ढकलणार कोण? अर्धा तास बसलो. मग खालून एक मामा आले, मागं शिडी बांधलेली, वायरमन. त्यांनी पिशवीतनं वायरिंगचा प्लास्टिकचा कनेक्टर काढला, दातानं प्लास्टिक सोललं, आतला पितळेचा स्क्रूवाला तुकडा वायरीच्या टोकाला घट्ट पिळून लिव्हरमध्ये बसवला. पाच मिनिटं. पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले, "उजेडात घरी पोचा म्हणजे झालं."

उजेडात पोचलो नाही. चंदगड सोडताना अंधार पडला होता, आणि समोरून एक दिवा आला, मला वाटलं मोटरसायकल, आरामात जागा आहे. जवळ आल्यावर कळलं, उसाचा ट्रॅक्टर, एक दिवा बंद, मागं दोन ट्रॉल्या. किती अंतर राहिलं होतं ते सांगत नाही, आई पण हा धागा वाचते.

येझदी_काका

आवडलं लिखाण. आता आमचं ऐका. सन १९८४, मी सत्तावीस वर्षांचा, येझदी, म्हणजे ती ज्याची किक आणि गिअर एकाच दांड्याला असतात, किक मारून तोच दांडा पुढं पाडला की गिअर. सावंतवाडीला मुलगी बघायला निघालो. वडील आणि मामा एसटीनं पुढं गेलेले, मी म्हटलं मी मागनं गाडीवर येतो, छाप पडेल.

आंबोलीचा घाट. हा इंग्रजांच्या वेळचा रस्ता, वेंगुर्ल्याच्या बंदरातनं बेळगावच्या छावणीला माल यायचा तो. घाट उतरताना सगळे सांगतात तसं मी पण उतारावर अ‍ॅक्सिलेटर पूर्ण बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिनावर रोखलेली, छान. पण ही टू-स्ट्रोक! तिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, अ‍ॅक्सिलेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइल पण बंद, आणि इंजिन मात्र उताराच्या जोरानं गरगर फिरतंय. त्यात काटकसर म्हणून ऑइल मीच कमी घातलेलं. धबधब्याच्या अलीकडं पिस्टन धरला. मागचं चाक दगडासारखं थांबलं, क्लच दाबला म्हणून वाचलो नाहीतर दरी डाव्या हाताला होती.

पाऊण तास थंड होऊ दिली, प्लग काढून भोकातनं थोडं ऑइल सोडलं, गिअर टाकून गाडी पुढंमागं हलवत हलवत पिस्टन सोडवला. तेव्हा नव्या पोरांनो, फोर-स्ट्रोकला ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा, बरोबर आहे. पण कुणाकडं आजोबांची जुनी टू-स्ट्रोक असेल तर उतारावर मधून मधून क्लच दाबून अ‍ॅक्सिलेटर द्यायचा, तिला घोटभर ऑइल मिळू दे.

मुलीकडं पोचलो तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. मुलीच्या आईनं आधी रॉकेल आणि राख दिली, मग पोहे. लग्न झालं, पण दुसरीकडं.

पाठदुखी

काका 😂😂

शहापूरची_सून

मी एकटी बाई या धाग्यावर दिसायलीय, असू दे. मी आणि माझी नणंद, एकशे पंचवीसची स्कूटर. घरी सांगितलं चंदगडला देवाला जातोय, आणि गेलो पण, खोटं नाही, पण नंतर तिलारी उतरून बघू म्हटलं. कुणी सांगितलं नव्हतं की स्कूटरला इंजिन ब्रेक, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर सोडला की इंजिनच गाडी रोखतं ते, नावालाच. वेग कमी झाला की गाडी मोकळी सुटते, सगळा भार दोन लिव्हरवर. निम्म्या घाटात जळका वास यायला लागला, मला वाटलं बाहेर कुणी पालापाचोळा पेटवलाय. नणंद म्हणते, वैनी, वास आपलाच आहे. ब्रेक दाबला तर लिव्हर हँडलपर्यंत आत, आणि गाडी चालूच! मी सरळ डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली, हळूच, दरीपेक्षा गटार बरी. काही लागलं नाही, एक चप्पल गेली. तासभर दगडावर बसून घरून बांधून नेलेली चपाती आणि शेंगाचटणी खाल्ली, ब्रेक थंड झाले, परत पहिल्यासारखे लागायला लागले. मग उरलेला घाट दर दोन वळणांना थांबत उतरलो आणि परत येताना आंबोलीमार्गे आलो, लांब पडलं तरी. घरी अजून "देवाला" एवढंच माहीत आहे.

चंदगडकर

तुमच्या राईडी छान आहेत, पण रविवारी पहाटे आमच्या गावातनं तीस-तीस गाड्या फाडलेले सायलेन्सर घेऊन जातात त्याचं काय? म्हातारी माणसं दचकून उठतात. आणि तिलारीच्या बाजूला हत्ती आहेत, कर्नाटकातनं आलेले, ते आता इथलेच झाले. संध्याकाळी रस्त्याकडेला बांबू मोडलेला आणि ओलं शेण दिसलं तर फोटोला थांबू नका, हॉर्न मारू नका, गाडी वळवा आणि जा. आमचा भात आणि काजू त्यांनी खाल्ला तर आम्ही बघून घेऊ, तुम्हाला तुडवलं तर पंचनाम्याला आम्हालाच जावं लागतं.

खानापूर_वीटभट्टी

खानापूर ते अनमोड, हेम्माडग्यावरून. भीमगड अभयारण्यातला रस्ता, एकच गाडी मावेल एवढा, फोनला रेंज नाही. वळण घेतलं आणि समोर गवा. रेडा नव्हे, गवा, पायात पांढरे मोजे घातलेला. इंजिन बंद केलं, वीस मिनिटं दोघं एकमेकांकडं बघत होतो. तो गेला. मी पण गेलो. बाकी काही घडलं नाही पण आयुष्यातली सगळ्यात मोठी वीस मिनिटं.

करदंट_प्रेमी

सगळे पश्चिमेला जातात, मी पूर्वेला गेलो. सुळेभावी, अंकलगी, गोकाकचा धबधबा. १७० फुटांवरून पडतो म्हणतात पण जानेवारीत नुसता काळा खडक, झुलत्या पुलावर मात्र गर्दी. करदंट (गोकाकची डिंक-सुकामेव्याची मिठाई) घेतला आणि यरगट्टीवरून सौंदत्तीकडं निघालो. एका वळणावर सगळ्या रस्त्यावर कसल्यातरी कडधान्याच्या काड्या पसरलेल्या, वाहनं वरनं जाऊन मळणी फुकटात होते म्हणून. वाळलेल्या काडीवर ब्रेक म्हणजे साबणावर ब्रेक. ब्रेक मारला नाही, सरळ धरून गेलो, पण पलीकडं गेल्यावर गाडी अडखळायला लागली, बघतो तर चेनच्या मागच्या चक्रात काड्यांची वेणी गुंडाळलेली. तिथली एक आजी हसत विळा घेऊन आली आणि कापून कापून काढून दिली. मला कन्नड तोडकंमोडकं, तिला मराठी अजिबात नाही. जाताना म्हणाली, "निधान होग्री." सावकाश जा, एवढं कळलं. अर्धा करदंट तिला दिला.

ऊसवाहतूक

मी गाडी चालवत नाही, ट्रॅक्टर चालवतो. वर त्या भाऊनी लिहिलंय एक दिवा बंद म्हणून. बरोबर आहे. खड्ड्यात वायर तुटते, रात्री अकराला कुठला इलेक्ट्रिशियन, कारखान्यावर नंबर लागलेला असतो, नंबर गेला तर दुसऱ्या दिवसावर. चुकीचंच आहे, पण कारण सांगायलोय. दुसरं, दोन ट्रॉल्या भरल्या की मला मागचं काही दिसत नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, आणि तुमचा हॉर्न ऐकू येत नाही कारण आम्ही झोप येऊ नये म्हणून टेप मोठा लावतो. मी हात दाखवला तरच पुढं जा. आणि टायर फुटला की आम्ही मागं दगड लावतो, गाडी गेल्यावर दगड तिथंच राहतात, ते मात्र आमच्यातल्या पोरांनी उचलायला पाहिजेत, मी सांगत असतो. यंदा मी ट्रॉलीच्या मागं जुन्या सीडीच्या चकत्या बांधल्यात, चमकतात.

दोन_चाकं_बेळगाव

ऊसवाहतूक दादा, सीड्यांची आयडिया इथं बाकीच्यांना पण सांगा. चंदगडकर, सायलेन्सरबद्दल मान्य, माझा कंपनीचाच आहे, पण ग्रुपमधल्या दोघांना दाखवतो तुमची पोस्ट. शहापूरची सून, तुमचा अनुभव वाचून बायको म्हणतेय मला पण न्या, आता काय सांगू.

सुळग्याचा_वाटसरू

माझी पण घ्या. गेल्या रविवारी आंबोलीचा बेत, टाकी फुल, हवा चेक, थर्मासमध्ये चहा. सुळगा ओलांडला आणि घरनं फोन, गॅस संपला, दुसरा सिलेंडर लागत नाही, वायसर गेलाय. परत फिरलो. एकूण बावीस किलोमीटर, थर्मासमधला चहा स्वयंपाकघरात उभ्यानं प्यालो. मुक्काम केला नाही.